‘तातडीने’चा धनी कोण?

‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही तातडीने करण्यात येत आहे.’

असं एक तरी पत्र तुमच्या घरच्या फायलीत असेल. नसेल तर शेजाऱ्याकडे सापडेल. ते काढा आणि ‘तातडीने’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. आता सांगा, तातडी कोण करतंय? वाक्यात साहेब नाहीत, बाबू नाही, तारीख नाही. कळवणारा दिसत नाही, कार्यवाही करणाराही दिसत नाही. तातडी तेवढी शिल्लक आहे आणि ती कोणाच्याच अंगावर नाही.

नागपूरकर मंडळी, माझं मागणं सोपं आहे. ज्या वाक्यातून काम करणारा गायब आहे, त्या वाक्यातल्या ‘तातडीने’, ‘लवकरच’, ‘काळजीपूर्वक’, ‘जाणूनबुजून’ अशा शब्दांना धनी विचारा. पत्र वाचताना विचारा आणि स्वतः अर्ज लिहिताना तो धनी आधी लिहून टाका. यासाठी व्याकरणाचा पंडित असावं लागत नाही. शाळेत शिकलेले प्रयोग थोडे आठवले तरी पुरतं.

कर्तरी, कर्मणी, भावे हे आपण सगळ्यांनीच घोकलेलं आहे. ‘मुलगी पत्र लिहिते’ हा कर्तरी. ‘मुलीने पत्र लिहिलं’ हा कर्मणी. यातला कर्मणी ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण मुलगी कुठे गेलेली नाही. ‘ने’ लावून ती वाक्यात बसलेलीच आहे. आईने डबा दिला, कंडक्टरने तिकीट फाडलं, पोलिसांनी चोर पकडला, असं आपण दिवसभर कर्मणीतच बोलत असतो. यातून ‘पोलिसांनी’ काढून नुसतं ‘चोर पकडला’ म्हणून बघा. ऐकणारा लगेच विचारील, ‘कोणी?’ मराठीचा घरचा कर्मणी कर्त्याला असा सहज सुटू देत नाही.

सुटका होते ती ‘करण्यात आले’, ‘करण्यात येईल’, ‘केले गेले’ या रचनेत. ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला’ अशा वाक्याला शाळेची पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात आणि तो इंग्रजीच्या वळणाने रूढ झाला असं सांगतात. यातून ‘पोलिसांकडून’ गाळलं तरी वाक्य धडधाकट उभं राहतं. ‘चोर पकडला गेला.’ ‘चोराला पकडण्यात आले.’ कोणालाच काही उणं वाटत नाही. कचेरीला ही सोय फार मानवली. आपलं शहर 1956 पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथल्या दप्तरात इंग्रजी, हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. तिन्हींच्या कचेरीतल्या अवताराला कर्ता गाळायची चांगली सवय आहे.

बोलताना मात्र नागपूरकर कधी कर्ता गाळत नाही. नळ कोरडा पडला की आपण म्हणतो, ‘पाणी काहून नाही येऊन राहिलं? त्या खोदणाऱ्यांनी पाइप फोडला ना बे.’ गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही एका दमात. तोच माणूस अर्ज लिहायला बसला की लिहितो, ‘वस्तीतील पाणीपुरवठा खंडित करण्यात आलेला आहे.’ तोंडात असलेला कर्ता कागदावर उतरताच पळाला.

आता मूळ मुद्दा. कर्ता गेला तरी क्रियाविशेषण मागे राहतं. मागे राहिलेलं प्रत्येक क्रियाविशेषण सारखंच धोक्याचं नसतं. त्याचे तीन गट लक्षात ठेवले तर कुठे थांबायचं ते कळतं.

पहिला गट कामाचं माप सांगणारा. अर्धवट, पूर्णपणे, दोनदा, खोलवर. ‘रस्ता अर्धवट खोदण्यात आला आहे’ या वाक्यात कर्ता नसला तरी ‘अर्धवट’ खरं की खोटं हे आपण जागेवर जाऊन पाहू शकतो. हा शब्द कामाला चिकटलेला आहे, करणाऱ्याला नाही. याला राहू द्या.

दुसरा गट वेळेचा. तातडीने, लवकरच, यथावकाश, वेळोवेळी. यातला एकही शब्द घड्याळ दाखवत नाही. ‘लवकरच’ म्हणजे किती लवकर हे सांगणारा माणूस वाक्यात असता तर त्याला विचारता आलं असतं. तो नसल्यामुळे ‘लवकरच’ कधीच खोटं ठरत नाही. दिवाळीपर्यंत काम झालं नाही तरी चालतं, उन्हाळ्यापर्यंत झालं नाही तरी चालतं. इथे थांबा आणि तारीख मागा.

तिसरा गट मनाचा. जाणूनबुजून, काळजीपूर्वक, चुकून, नाइलाजाने, स्वखुशीने. मन माणसालाच असतं, म्हणून या शब्दांना माणूस लागतोच. तो वाक्यात नसला की शब्द भलत्याच्याच अंगावर जाऊन बसतो. हे वाक्य पाहा: ‘कर्मचाऱ्याचा राजीनामा स्वखुशीने घेण्यात आला.’ खुशी कोणाची? देणाऱ्याची की घेणाऱ्याची? व्याकरणाने पाहिलं तर घेणाऱ्याची. लिहिणाऱ्याला बहुधा दाखवायचं असतं की देणाऱ्याने खुशीने दिला. उद्या वाद झाला तर या एका शब्दावर दोन्ही बाजू तासभर भांडतील. ‘रुग्णाला नाइलाजाने दुसरीकडे हलविण्यात आले’ हेही तसंच. नाइलाज डॉक्टरांचा, की नातेवाइकांचा? ‘शेतजमीन स्वेच्छेने ताब्यात घेण्यात आली’ असं कोणी लिहून आणलं आणि सही मागितली, तर पेन खिशातच ठेवा. ‘मी माझ्या इच्छेने ही जमीन देत आहे’ असं असेल तर ‘मी’ कोण आणि ‘माझी’ इच्छा कोणाची हे स्पष्ट आहे. मग ती खरोखरच इच्छा आहे का, ते तुम्ही ठरवा.

यावरचा उपाय छोटा आहे. मनाच्या शब्दाला ‘चा-ची-चे’ लावून मालक जोडा. ‘रुग्णाच्या संमतीने’, ‘पालकांच्या इच्छेने’, ‘रोखपालाच्या चुकीने’. मालक जोडला की वाक्य कर्मणी असलं तरी गोंधळ राहत नाही.

नकार आला की गुंता वाढतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘प्रमाणपत्र जाणूनबुजून देण्यात आले नाही.’ ‘चुकीचे बिल जाणूनबुजून देण्यात आले नाही.’ बांधणी तीच, शब्दही जवळजवळ तेच. पण पहिल्यात आरोप आहे की मुद्दाम अडवलं. दुसऱ्यात सफाई आहे की बिल दिलं खरं, पण मुद्दाम नाही. अर्थ उलट झाला आणि तो उलट झाल्याचं वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही. ‘रक्कम पूर्णपणे भरण्यात आलेली नाही’ यातून काहीच भरलं नाही की थोडं राहिलं, हे कळत नाही. मराठीत ‘नाही’ शेवटी जाऊन बसतं, म्हणून असं होतं. इंग्रजीत ‘नॉट’ची जागा हलवता येते. ‘वॉज डेलिबरेटली नॉट गिव्हन’ म्हणजे मुद्दाम दिलं नाही. ‘वॉज नॉट डेलिबरेटली गिव्हन’ म्हणजे मुद्दाम दिलेलं नाही, चुकून गेलं. मराठीत हीच स्पष्टता आणायची तर वाक्य दोन करा. ‘बिल चुकीचं गेलं. ते रोखपालाच्या नजरचुकीने गेलं.’ आणि पैशांच्या बाबतीत ‘पूर्णपणे’ लिहूच नका. ‘2,000 पैकी 1,200 रुपये भरले, 800 बाकी’ असं लिहा.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर तेही पाहून घेऊ, कारण हे वळण आता मोबाइलमधून रोज घरात येतं. ‘युवर कम्प्लेंट हॅज बीन सक्सेसफुली क्लोज्ड’ असा संदेश येतो आणि खाली त्याचंच मराठी: ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे.’ यश कोणाचं? नळ कोरडा, नेट बंद, पैसे परत आलेले नाहीत. यश त्या संगणकाचं, ज्याच्या यादीतून तुमची ओळ पुसली गेली. असा संदेश आला की ‘तक्रार बंद कोणी केली, कोणत्या तारखेला, आणि नेमकं काय काम करून?’ असं उलट विचारा. उत्तर आलं नाही तर तक्रार पुन्हा नोंदवा आणि जुना क्रमांक त्यात लिहा.

आपली मुलं नोकरीसाठी इंग्रजी ई-मेल लिहितात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. इंग्रजी कर्मणीत काम कसं झालं हे सांगणारा शब्द बहुतेकदा मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी येतो: ‘वॉज बॅडली डॅमेज्ड’, ‘हॅज बीन राँगली डेबिटेड’, ‘मस्ट बी ड्युली साइन्ड’. या जोड्या इतक्या घट्ट आहेत की त्या जोडीनेच पाठ कराव्यात. वेळ किंवा खात्री सांगणारा शब्द मात्र पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतो: ‘हॅज ऑलरेडी बीन पेड’, ‘विल प्रॉबेब्ली बी सेंट’. एवढं सांभाळलं तरी निम्मी ई-मेल सुधारतात.

दुसरी गोष्ट ‘काइंडली’ची. ‘यू आर काइंडली रिक्वेस्टेड टु पे द फीज’ हे वाक्य आपल्याकडच्या शाळा, सोसायट्या, कार्यालयं सगळीकडे चालतं. यात ‘काइंडली’ विनंती करण्याला चिकटलं आहे. म्हणजे मेहरबानी विनंती करणाऱ्याची झाली! म्हणायचं असतं की फी भरणाऱ्याने मेहरबानी करावी. मग ‘प्लीज पे द फीज बाय द टेन्थ’ लिहा. विनंती तीच राहते, शिवाय तारीखही येते.

वर्तमानपत्रातल्या मित्रांसाठीही एक शब्द. इंग्रजीतल्या ‘अलेजेडली’ची नक्कल म्हणून ‘तिला कथितरीत्या मारहाण करण्यात आली’ असं छापून येतं. यात ‘कथितरीत्या’ मारहाणीचं वर्णन करत नाही. ती बातमीदाराची सावधगिरी आहे. सावधगिरी हवीच, पण ती सरळ लिहिता येते. ‘नवऱ्याने मारहाण केली, अशी तक्रार तिने पोलिसांत दिली.’ तक्रार कोणी केली, कोणावर केली, कुठे दिली, हे तिन्ही आलं आणि कोणावर निकालही दिला गेला नाही. कर्ता माहीत नसेल तरी तो गाळावा लागत नाही. चोरीची बातमी आपण वर्षानुवर्षं ‘अज्ञात चोरट्यांनी घर फोडलं’ अशीच वाचतो. नाव कळलेलं नाही, तरी कर्ता हजर आहे.

आता कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस आहे, याने काय फरक पडतो? फरक पडतो. त्याचा दाखला आपल्याच शहराच्या नावाचा आहे. 28 सप्टेंबर 1953 रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो नागपूर करार. विदर्भाने मराठी राज्यात यावं यासाठी त्यात जी आश्वासनं दिली, त्यातलं एक असं की विधिमंडळाचं दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात घेतलं जाईल. हेही वाक्य कर्मणीच. पण त्यातली ‘दरवर्षी’ आणि ‘किमान एक’ ही दोन्ही मापं बोटावर मोजता येतात. म्हणूनच 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली, तेव्हा इथल्या कोणालाही ठामपणे म्हणता आलं की आमचं अधिवेशन चुकलं. ‘वेळोवेळी’ असा शब्द करारात असता, तर बोट ठेवायला जागाच उरली नसती.

त्याच करारात निधीचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचं ठरलं होतं. प्रमाण काढता येतं. पुढे 1956 च्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद 371 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी जी तरतूद आली, तिच्यात विकासखर्चाचं न्याय्य वाटप असा शब्द आहे. न्याय्य हा शब्द मोठा आहे, पण त्यात आकडा नाही. म्हणून प्रदेशांची तूट किती, हे शोधायला वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली आणि 1984 साली तिने तो अनुशेष रुपयांत मोजून मांडला. विदर्भाचा माणूस अनुशेष हा शब्द आकड्यासकट बोलतो, तो त्यानंतर.

कायदा लिहिणाऱ्यांनाही ‘लवकर’ या शब्दाचा भरवसा वाटत नाही, हे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 उघडून पाहिलं की कळतं. त्याच्या कलम 7 मध्ये माहिती शक्य तितक्या लवकर द्यावी असं म्हणून कायदा थांबत नाही. लगेच पुढे जोडतो, की कोणत्याही परिस्थितीत 30 दिवसांच्या आत. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. याच कायद्याच्या कलम 20 मध्ये दंडाची तरतूद आहे. दुष्ट हेतूने माहिती नाकारली किंवा जाणूनबुजून चुकीची माहिती दिली, तर दंड कोणाला? त्या माहिती अधिकाऱ्याला, दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000. ‘जाणूनबुजून’ हा मनाचा शब्द तिथे आहे, आणि त्याच्या शेजारी मन असलेला माणूसही पदनामासह उभा आहे. तिथे तो शब्द काम करतो.

महाराष्ट्राचा दप्तर दिरंगाईचा कायदाही असाच. नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात तर प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी दोन्ही ठरवून दिलेले आहेत. म्हणजे ‘तातडीने’चा धनी कायद्याने आधीच नेमला आहे. आपण पत्रात त्याचं पदनाम लिहीत नाही, एवढंच.

मग ‘करण्यात आले’ मराठीतून हद्दपार करायचं का? नाही. कर्ता कोण याने काही फरकच पडत नसेल, तिथे ते बरोबर आहे. ‘जखमींना रुग्णालयात दाखल करण्यात आलं’ यात कोणाच्या गाडीतून नेलं हे बातमीला नको असतं. कायदा सगळ्यांना एकसारखा बांधतो, तिथेही ते शोभतं. संविधानाचा अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट झाल्याचं कर्मणीत जाहीर करतो आणि कोणत्याही स्वरूपातल्या तिच्या आचरणाला मनाई करतो. ती मनाई देशातल्या प्रत्येकाला आहे, म्हणून एकाचं नाव घ्यायचं कारण नाही. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्या नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्या मात्र सगळ्या प्रथमपुरुषी आहेत. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने ‘मी’ म्हणायचं होतं. कायद्याला कर्मणी चालला, प्रतिज्ञेला चालला नाही. आपली तक्रार, आपला दावा, आपलं आश्वासन हे प्रतिज्ञेच्या जातीचं आहे. तिथे ‘मी’, ‘तुम्ही’, ‘ते’ कोणी तरी पाहिजे.

आता अर्ज लिहू. समजा, गल्लीत पाण्याची अडचण आहे आणि नेहमीच्या पद्धतीने कोणी असं लिहिलं:

‘आमच्या वस्तीत गेल्या अनेक दिवसांपासून पाणीपुरवठा वारंवार खंडित करण्यात येत असून, तक्रार करूनही जाणूनबुजून दुर्लक्ष करण्यात येत आहे. तरी तातडीने उचित कार्यवाही करण्यात यावी, ही नम्र विनंती.’

वाचणाऱ्या साहेबांना यातून काय करायचं ते कळत नाही. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा? दुर्लक्ष कोणी केलं? ‘उचित’ म्हणजे काय? आता हाच अर्ज असा लिहा:

‘आमच्या गल्लीतील 14 घरांना 3 ते 9 मे या सात दिवसांत दोनदाच, 4 आणि 7 तारखेला, पाणी आले. आम्ही 5 मे रोजी आपल्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिची पोच सोबत जोडली आहे. आजपर्यंत कोणीही पाहणीला आलेले नाही. कनिष्ठ अभियंत्यांनी 14 मेपर्यंत जागेवर येऊन पाहणी करावी आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.’

विनंती नम्रच आहे, आवाज चढलेला नाही. ‘वारंवार’च्या जागी तारखा आल्या, ‘तातडीने’च्या जागी 14 मे आला, ‘उचित’च्या जागी पाहणी आली आणि ‘करण्यात यावी’च्या जागी कनिष्ठ अभियंता आले. ‘जाणूनबुजून’ मी मुद्दाम काढला. कोणाच्या मनात काय होतं हे आपण सिद्ध करू शकत नाही. तक्रार दिल्याची तारीख, पोच आणि कोणी न आल्याची गोष्ट एवढं एकाखाली एक मांडलं, की वाचणारा आपसूक त्याच निष्कर्षाला येतो. सिद्ध न होणारा आरोप अर्जात असला की समोरचा फक्त त्यालाच उत्तर देतो आणि पाणी राहून जातं.

कचेरीबाहेर टंकलेखकाकडून अर्ज लिहून घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. त्याच्याकडे तयार मजकूर असतो आणि त्यात ‘करण्यात यावी’ आधीच छापलेलं असतं. त्याचा काही दोष नाही, त्याला दिवसाला ढीगभर अर्ज काढायचे असतात. तुम्ही त्याच्याजवळ उभं राहून सांगा, ‘भाऊ, इथे पदनाम टाका आणि इथे तारीख.’ पैसे तेवढेच लागतील.

उत्तर आलं आणि त्यात पुन्हा ‘तातडीने करण्यात येत आहे’ असेल, तर पत्राच्या खाली पाहा. कर्ता मजकुरात नसला तरी सहीखालच्या पदनामात असतो. वर जावक क्रमांक आणि दिनांक असतो. पुढचं पत्र त्या पदनामाच्या नावे, त्या क्रमांकाचा हवाला देऊन लिहा: ‘आपण अमुक तारखेच्या पत्रात तातडीने कार्यवाही करीत असल्याचे कळवले आहे. ही कार्यवाही कोणते अधिकारी करीत आहेत आणि ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल, ते कळवावे.’ तरीही दाद लागली नाही, तर माहिती अधिकारात विचारा की तुमचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरच्या कर्मचाऱ्याकडे होता आणि त्यांनी त्यावर काय शेरा लिहिला. नस्तीवरच्या टिपणीखाली सही आणि तारीख असते. पत्रातून गाळलेला कर्ता तिथे सापडतो.

हे सगळं सांगताना खुर्चीपलीकडच्या माणसांवर माझा राग नाही. कनिष्ठ लिपिकाला ‘मी करीन’ असं लिहायचा अधिकार नसतो. साहेबांचं नाव घालायची त्याची छाती होत नाही. मग ‘करण्यात येईल’ त्याच्या मदतीला धावून येतं. पण पदनाम लिहायला कोणाची बंदी नाही. ‘या प्रकरणाची पाहणी उपअभियंता 20 तारखेपर्यंत करतील’ एवढं लिहिणाऱ्या लिपिकाकडे तोच नागरिक चार वेळा चकरा मारत नाही, म्हणजे त्याचंही काम कमी होतं.

आणि कचेरीपुरतंच कशाला बोलायचं? सोसायटीच्या फलकावर ‘लिफ्ट लवकरच दुरुस्त करण्यात येईल’ लिहिणारे सचिव आपणच. ‘निष्काळजीपणे वागणाऱ्या विद्यार्थ्यांवर कठोर कारवाई करण्यात येईल’ असा गट-संदेश टाकणारे शिक्षक आपल्यातलेच. गणेशोत्सवाच्या हिशोबात ‘रक्कम योग्य रीतीने खर्च करण्यात आली’ असं वाचून दाखवणारे खजिनदारही आपलेच. सरकारकडे तारीख मागायची तर आपल्या फलकावरही ती असली पाहिजे. ‘लिफ्टचा मेकॅनिक गुरुवारी येणार आहे. शुक्रवारी लिफ्ट सुरू झाली नाही तर सचिवांना फोन करा’ असं एकदा लिहून पाहा. लोक कुरकुर कमी करतील, कारण कोणाला विचारायचं ते त्यांना कळलेलं असेल.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. पाठवायचा अर्ज, ई-मेल किंवा सूचना हातावेगळी करण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे ‘करण्यात’ आणि ‘तातडीने’, ‘योग्य रीतीने’, ‘जाणूनबुजून’ यांपैकी काही एका वाक्यात आलं असेल, तिथे थांबा. कोण आणि कधीपर्यंत, या दोन प्रश्नांची उत्तरं तिथेच भरा. उत्तर येत नसेल तर तो शब्द खोडा, आणि मगच सही करा.